वाटपाच्या यादीत माझं नाव नको

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालेली, साठीच्या आसपासची बाई आहे. आमच्या परिसरातल्या काही घरांनी मिळून एक गट केला आहे. जवळच्या वस्तीत हातावर पोट असलेली कुटुंबं राहतात. आमच्याकडे घरकाम करणाऱ्या बऱ्याच जणी तिथल्याच. काही वर्षांपासून आम्ही वर्गणी काढून तिथं शिधा आणि वह्या-पुस्तकं वाटतो. एकदा शिवणवर्ग काढला, पण निम्म्या मुली मध्येच सोडून गेल्या. आता बरीच रक्कम शिल्लक आहे आणि गटात तट पडलेत. काही म्हणतात, फुकट देऊन आपण लोकांना आळशी करतोय, हाती पैसे दिले तर दारूतच जातील. काहींना धंद्यासाठी छोटी कर्जं द्यायची आहेत. एक जण म्हणतात, हे सरकारचं काम, आपण कशाला पडायचं? त्यातच माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी वाटप केलंत तर यादीत माझं नाव घालू नका." कारण विचारलं तर नुसत्या हसल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचं काय चुकतंय? आणि एवढ्याशा पैशानं गरिबी खरंच कमी होते का?

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती त्या बाईंच्या एका वाक्यात आहे, आणि गटाच्या बैठकीत नेमकी तीच अजून कुणासमोर आलेली नसावी. शिल्लक किती, पुढचं वाटप कधी, यावर तासभर वाद झाला असेल. ज्यांना देतोय त्यांच्यापैकी एकीला ते नकोय, ही गोष्ट मात्र तुमच्यापाशीच राहिली.

त्यांना पुन्हा कारण विचारू नका. तुम्ही त्यांना पगार देता. अशा नात्यात समोरच्याला खरं बोलणं परवडत नाही, हसून वेळ मारून नेणं परवडतं. अंदाज तर तुम्हालाही असेलच. यादीत नाव लागतं, ते मोठ्यानं वाचलं जातं, रांगेत उभं राहावं लागतं, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत तो सगळीकडे फिरतो. त्यांचा मुलगा वर्गात ज्यांच्या शेजारी बसतो, त्यांनीही तो पाहिलेला असतो. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण घेणाऱ्याला त्या पिशवीसाठी काय मोजावं लागतं, ते वर्गणीच्या वहीत कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता गटातल्या वादाकडे वळू. दारूचा आक्षेप आधी निकालात काढू, कारण त्याच्यामुळे पुढचं बोलणंच खुंटतं. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या अभ्यासकांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या रोख मदतीवरचे १९ अभ्यास एकत्र तपासले. मदत मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च जवळपास सगळीकडे होता तेवढाच राहिला किंवा घटला. आळशीपणाचंही तसंच. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात सरकारी रोख मदत योजनांची आकडेवारी नव्यानं तपासली, तेव्हा मदत मिळाली म्हणून लोकांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. वस्तीत पिणारं कुणी नाही असा याचा अर्थ नव्हे. तुमच्या इमारतींतही कुणीतरी पीत असेल, पण त्यावरून तुम्हा सगळ्यांचं पेन्शन कुणी अडवून धरत नाही.

तुमच्या गटातले सगळे तट एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत आहेत, आणि मला ती जास्त खटकते. गरीब म्हणजे एक ठरलेला समूह, तो काल गरीब होता, आज आहे, आणि त्याला बाहेरून कुणीतरी काहीतरी दिल्याखेरीज तो हलणार नाही, असं तुम्ही सगळेच धरून चालला आहात. म्हणून वाद फक्त 'काय द्यायचं' एवढ्यावरच अडलाय.

ड्यूक विद्यापीठातले अनिरुद्ध कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश, केनिया, युगांडा, पेरू अशा ठिकाणच्या गावांमध्ये वेगळ्या पद्धतीनं काम केलं. त्यांनी गावालाच एकत्र बसवलं आणि विचारलं, अगदी हलाखीतल्या घराकडे थोडे पैसे आले तर ते आधी काय करतं? मग काय? पुढे काय? पोटभर जेवण, मुलांची शाळा, अंगावर बरे कपडे अशा पायऱ्या लोकांनीच सांगितल्या. मग प्रत्येक घर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्या पायरीवर होतं आणि आज कुठे आहे, हेही गावानंच आठवून लावलं. त्यातून दिसलं, की एकाच गावात एकाच काळात काही घरं वर चढत होती आणि काही, जी पूर्वी बरी होती, ती खाली घसरत होती. चढण्याची कारणं एक आणि घसरण्याची कारणं अगदी दुसरी. चढलेल्या घरांमागे बहुतेकदा उत्पन्नाचा दुसरा आधार किंवा एखादी टिकाऊ नोकरी होती. घसरलेल्यांमागे बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठं कारण निघालं ते आजारपण आणि त्यावरचा खर्च. त्याच्या जोडीला चढ्या व्याजाचं कर्ज, लग्न-मर्तिकाचे खर्च.

तुमच्या दृष्टीनं यात फार कामाची गोष्ट दडली आहे. घराची घसरण एखाद्या ठरावीक दिवशी सुरू होते. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडतो, सासूला दवाखान्यात न्यावं लागतं, कामावरून अचानक काढलं जातं. त्या आठवड्यात हाताशी थोडे पैसे नसले की सावकाराकडे जावं लागतं किंवा ज्यावर कमाई चालते तीच वस्तू विकावी लागते. मग मोठ्या मुलीची शाळा सुटते, कारण धाकट्याला कुणीतरी सांभाळायला हवं. पुढची पाच-सात वर्षं हे घर त्या एका आठवड्याचं फेडत बसतं. तुमचं वाटप मात्र कॅलेंडर बघून होतं. ज्यांच्याकडे त्या महिन्यात बरं चाललंय त्यांनाही पिशवी मिळते, आणि जिथं परवा आकाश कोसळलं त्या घरालाही तेवढीच मिळते, तीही वाटपाचा दिवस उजाडल्यावर.

कुठलं घर या आठवड्यात अडचणीत आलंय, हे सरकारी कार्यालयाला सहा महिन्यांनी कळतं, मोठ्या संस्थेला सर्वेक्षण केल्यावर कळतं. शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळतं. तुमची ताकद इथं आहे. वर्गणी त्यामानानं किरकोळ.

म्हणून शिल्लक रकमेचा मोठा भाग अडीनडीच्या निधीसाठी ठेवा, असं मी सुचवीन. नियम थोडे आणि आधीच ठरलेले हवेत. मागणी आली की त्याच दिवशी निर्णय. निर्णय दोघींनी घ्यायचा, त्यातली एक वस्तीतलीच हवी, आणि तिची निवड वस्तीनं करायची, तुम्ही नव्हे. सगळ्या गटापुढे प्रकरण मांडायचं नाही. औषधं, तपासण्या, दवाखान्यात जाण्या-येण्याचा खर्च, बुडालेली रोजंदारी यासाठी दिलेले पैसे परत मागायचे नाहीत. कुणी आपणहून परत आणून दिले तर आनंदानं घ्यावेत, वहीत फक्त रक्कम आणि कारण लिहावं, नाव नको. 'मग खोटं सांगून कुणी पैसे नेले तर?' हा प्रश्न येणारच. नेईल एखादा. रक्कम लहान आहे आणि वस्तीतली बाई निर्णयात आहे, तेव्हा वारंवार तसं होणं अवघड. त्या भीतीपायी दहा कागद मागितलेत तर निधीचा सगळा उपयोग संपतो, कारण सावकार एकही कागद मागत नाही.

मोठ्या ऑपरेशनचं बिल या निधीला झेपणार नाही, हेही आधीच सांगून टाका. तिथं पैशापेक्षा माणूस लागतो. सार्वजनिक रुग्णालयात कुठल्या खिडकीवर जायचं, खर्चात सवलत कुणाकडे मागायची, डॉक्टरांना काय विचारायचं, हे ठाऊक असलेलं कुणीतरी बरोबर असलं की फरक पडतो. तुमच्या गटात निवृत्त माणसं बरीच असतील. त्यांच्याकडे ते आहे जे रोजंदारीवरच्या माणसाकडे कधीच नसतं, कामाच्या दिवशी मोकळी असलेली सकाळ.

आता जरा अवघड बोलतो. वस्तीतल्या बऱ्याच बायका तुमच्याच घरांत काम करतात, असं तुम्ही सहज लिहून गेलात. म्हणजे त्या कुटुंबांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तुमचा गटच ठरवतो. घरकाम करणाऱ्यांची संख्या जगभरात साडेसात कोटींहून जास्त आहे आणि त्यातल्या दर दहांपैकी आठ जणांचं काम असंघटित स्वरूपाचं आहे, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२१ सालचा अहवाल सांगतो. त्याच संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा करार संमत केला. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती, कामाच्या अटी आधी स्पष्ट करणं, अशा अगदी साध्या गोष्टी त्यात आहेत. तुमच्या गटातल्या किती घरांत त्या पाळल्या जातात? आजारपणातल्या खाड्याचे पैसे कापले जातात का? तुम्ही महिनाभर बाहेरगावी गेलात तर त्या महिन्याचा पगार देता का? पगारवाढ मागितल्यावर होते की दर वर्षी ठरलेल्या महिन्यात आपोआप? अडचणीला उचल दिली तर पुढे काम सोडू नये म्हणून तीच बेडी होते का?

यातलं काहीही वर्गणीतून करता येत नाही, ते ज्याच्या त्याच्या खिशातून जातं. म्हणून हा विषय बैठकीत निघाला की एकेकाला घरची कामं आठवू लागतील. तरी काढाच. सगळ्या घरांनी मिळून एक किमान पद्धत ठरवली, की पगार ठरल्या तारखेला, आठवड्याची सुट्टी, वर्षातून काही दिवसांची पगारी आजारपणाची रजा, तर शिध्यानं कधी आली नसती एवढी स्थिरता त्या घरांत येईल. शिवाय एकट्या घरानं केलं की शेजारी म्हणतात, 'तुम्ही सवयी बिघडवता.' सगळ्यांनी केलं की तेच रीत होऊन जातं. सुतार, रंगारी, गवंडी यांचे राहिलेले पैसे 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणारे सदस्यही गटात असतील. तेही त्याच दिवशी चुकते होऊ देत.

तुम्ही बँकेत होतात म्हणून तुमच्यासाठी खास एक काम आहे. लोकांना ज्यावर हक्क आहे असे कितीतरी लाभ कागदांपायी त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एमी फिंकेलस्टाइन आणि मॅथ्यू नोटोविडिग्डो यांनी सुमारे ३०,००० वयस्कर लोकांवर एक प्रयोग केला. हे सगळे अन्नमदतीला पात्र असण्याची दाट शक्यता होती, पण त्यांनी नाव नोंदवलेलं नव्हतं. काहींना काहीच कळवलं नाही, त्यांच्यापैकी ६ टक्के लोकांनी पुढच्या नऊ महिन्यांत नोंदणी केली. ज्यांना 'तुम्ही पात्र असू शकता' एवढं कळवलं, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं. ज्यांना कळवलं आणि फॉर्म भरायलाही मदत केली, त्यांच्यात ते १८ टक्के झालं. पत्रक वाटणं आणि शेजारी बसून फॉर्म भरून देणं यात किती अंतर आहे, ते या आकड्यांत दिसतं.

'फॉर्म भरायलाही यांना आम्हीच हवे का?' असं गटात कुणी म्हणेल. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, पण कापणीच्या आधी, हात तंगीत असताना, विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले आणि कापणीनंतर पैसे आल्यावर पुढे गेले. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशी तुलना झाली तेव्हा एवढा फरक आढळला नाही, त्यामुळे हा निष्कर्ष दगडावरची रेघ समजू नये. पण डोक्यात चार देणी घोळत असताना बारा पानी फॉर्म भरणं कुणालाही जड जातं, आणि एका सहीसाठी मारलेल्या प्रत्येक हेलपाट्याला रोजंदारी बुडते, याला तर अभ्यासाचीही गरज नाही.

तेव्हा आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एक ठरलेली संध्याकाळची वेळ, वस्तीतच एक टेबल. बँक खातं, पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती, आरोग्य विमा, राहिलेले दाखले, जे येईल ते. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका, झेरॉक्स काढून तिथल्या तिथे परत द्या. कुणाचा पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक विचारू नका, तो ज्याचा त्यालाच टाकू द्या. कार्यालयात बरोबर जायची तयारी ठेवा. तुमच्यासारखं नीटनेटकं बोलणारं माणूस शेजारी उभं असलं की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो. हे संतापजनक आहे, पण तूर्त उपयोगाचं आहे.

शिवणवर्गाचं थोडक्यात. मुली मध्येच का गेल्या, हे त्यांना विचारलंत का? वेळ कामाच्या वेळेत येत असेल, धाकटी भावंडं सांभाळायची असतील, अंधार पडल्यावर परतणं नको वाटत असेल. किंवा त्यांनी हिशेब केला असेल, की वस्तीत आधीच शिवणाऱ्या चार जणी बसून आहेत. मुली सोडून गेल्या म्हणजे त्यांना जिद्द नाही, असं नव्हे; तोच शहाणपणाचा निर्णय असू शकतो. व्यवसाय प्रशिक्षणाच्या कार्यक्रमांचा आढावा घेताना डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये लिहिलं, की १०० जणांना प्रशिक्षण देऊ केलं तर त्यामुळे एरवी मिळाली नसती अशी नोकरी मिळते ती जेमतेम तिघांना, किंवा त्याहूनही कमी जणांना. वर्ग काढणं सोपं असतं, फोटोही चांगले येतात. काम मिळवून देणं अवघड.

ते मिळतं ओळखीनं. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सात कोटींहून अधिक फेसबुक वापरणाऱ्यांच्या मैत्रीचं जाळं अभ्यासलं. गरीब घरातल्या मुलांनी पुढे वर चढण्याशी सगळ्यात घट्ट संबंध आढळला तो एका गोष्टीचा, त्यांच्या भागात गरीब आणि सुस्थितीतल्या लोकांची आपसात मैत्री किती आहे याचा. आणि ती नसण्याचं निम्मं कारण लोक वेगवेगळ्या ठिकाणी वावरतात हे होतं, तर निम्मं हे, की एकाच ठिकाणी असूनही ते आपल्याच थरातले मित्र निवडतात. तुमचं आणि वस्तीचं अंतर चालत पाच-दहा मिनिटांचं असेल. तुमची नातवंडं आणि तिथली मुलं एका मैदानावर खेळतात का? गटातल्या कुणाच्या कार्यालयात जागा निघाली तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलासाठी कुणी शब्द टाकतं का? तुमच्या घरातल्या मुलांसाठी तो तुम्ही सहज टाकता. 'मी याला ओळखते, मुलगा चांगला आहे,' हे एक वाक्य त्या मुलाच्या अर्जाला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा पुढे नेतं, आणि त्याला वर्गणीतला एक पैसा लागत नाही.

कर्जं देण्याच्या मी विरोधात आहे. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले छोट्या कर्जांवरचे सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काहींचे धंदे वाढले, पण सरासरी कुटुंबाचं नशीब पालटलं असं कुठंच दिसलं नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. तुम्हीच मालकीण, तुम्हीच दानी आणि उद्या तुम्हीच वसुलीला दारात? हप्ता चुकलेली बाई तुमच्याकडे कामाला यायचंच टाळेल. त्यापेक्षा त्यांचा स्वतःचा बचत गट उभा राहत असेल तर त्याला हात द्या. १९९१ मध्ये नायजरमध्ये 'केअर' या संस्थेनं सुरू केलेली पद्धत पुढे आफ्रिकेत खूप पसरली. वीसेक बायका ठरलेल्या दिवशी पैसे एका पेटीत टाकतात, पेटीला तीन कुलुपं आणि किल्ल्या तिघींकडे. त्यातूनच अडल्यानडलेलीला कर्ज, आणि वर्षाअखेरी सगळं वाटून घेऊन पुन्हा सुरुवात. केनियातल्या एका प्रयोगात तर लोकांना पैसे ठेवायला नुसती कुलूपबंद पेटी दिली, तेव्हा आरोग्यासाठीची बचत ६६ टक्क्यांनी वाढली. तुम्ही हिशेब लिहायला शिकवा, पहिले काही महिने बसा आणि मग बाहेर पडा. पैसे त्यांचे, किल्ल्याही त्यांच्याच.

एवढ्याशा पैशानं गरिबी कमी होते का, असं तुम्ही विचारलंत. सगळ्या वस्तीची नाही होणार. मोजक्या घरांची होऊ शकते, पण त्यासाठी रक्कम पसरून चालत नाही. बांगलादेशातल्या 'ब्रॅक' संस्थेनं २००२ मध्ये अगदी तळातल्या कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. कमाईचं एक साधन, काही महिने खर्चाला थोडा आधार, ते साधन सांभाळायचं शिक्षण, बचतीची सोय, आरोग्याची माहिती, आणि दर आठवड्याला कुणीतरी घरी येऊन विचारपूस, हे सगळं एकत्र, साधारण दोन वर्षं. नंतर इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू इथल्या दहा हजारांहून अधिक लोकांबरोबर हाच प्रयोग तपासला गेला. मदत थांबल्यावर वर्षभरानंतरही उत्पन्न आणि खाणंपिणं सुधारलेलंच राहिलं. सगळीकडे सारखं नाही. होंडुरासमध्ये दिलेल्या कोंबड्यांपैकी बऱ्याच रोगानं मेल्या आणि तिथला हिशेब उलटा बसला. तरी एकूण सांगणं स्पष्ट आहे. शंभर घरांना एक पिशवी देण्याऐवजी दोन-तीन अगदी खचलेल्या घरांच्या मागे दोन वर्षं उभं राहा. कुठली घरं, हे वस्तीला विचारा. कमाईचं साधन कुठलं, हे त्या घराला विचारा.

आणि शिधा पूर्ण बंद करू नका. वस्तीत एकटी राहणारी म्हातारी माणसं असतील, अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल. त्यांना प्रशिक्षण, बचत, धंदा यातलं काही लागू नाही. त्यांना दर महिन्याला न चुकता, घरपोच, गाजावाजा न करता मदत हवी. ती देत राहा.

'हे सरकारचं काम' म्हणणारे सदस्य निम्मे बरोबर आहेत. दवाखाना, पाणी, शाळा, रस्त्यावरचे दिवे वर्गणीतून येत नाहीत आणि यायलाही नकोत. पण सरकारचं काम आहे म्हणून गप्प बसायचं, हे मला कळत नाही. अमेरिकेतल्या शिकागोच्या एका गरीब वॉर्डात राहायला गेलेल्या समाजसेविका जेन ॲडम्स यांना तिथल्या रोगराईचं एक मूळ न उचललेल्या कचऱ्यात दिसलं. घराघरांत जाऊन स्वच्छतेचे धडे देत बसण्यापेक्षा त्यांनी कचरा उचलण्याच्या कंत्राटासाठीच निविदा भरली. ती फेटाळली गेली, पण १८९५ मध्ये महापौरांनी त्यांना त्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं, आणि त्या पहाटे उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे जाऊ लागल्या. तुम्हीही वस्तीबरोबर मिळून मागणी करू शकता. मात्र अर्ज देण्याआधी त्यांना विचारा. वस्तीची घरं कागदोपत्री नियमित नसतील तर तुमच्या तक्रारीमागून दिवे येण्याऐवजी घरं पाडायची नोटीस येऊ शकते. तो धोका तुम्हाला नाही, त्यांना आहे, म्हणून निर्णयही त्यांचा.

पुढची बैठक वस्तीत, त्यांच्या सोयीच्या वेळी घ्या. तिघी-चौघीच जा, बॅनर नको, कॅमेरा नको. गेल्या दोन वर्षांत कुठली घरं खाली गेली आणि कशामुळे, एवढं विचारा आणि ऐका. अडचणीत आधी धावून कोण येतं, हेही विचारा. तुम्ही वाटप सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून त्या बायका एकमेकींना हातउसने देत असतील, आजारी बाईची मुलं सांभाळत असतील. त्या व्यवस्थेला जिथं ठिगळ हवंय तिथंच तुमचे पैसे जाऊ द्यात.

गटातले सगळे याला तयार होणार नाहीत. सगळ्यांचं मन वळवत बसलात तर वर्ष जाईल. जे तयार आहेत त्यांनी वर्षभरासाठी सुरू करावं. आळशीपणाची तक्रार करणाऱ्या सदस्यांना वाईट वाटू न देता फॉर्मच्या टेबलावर बसवा, चार-सहा आठवडे. पहाटे पाचला घर सोडून संध्याकाळी सातला कागदांची पिशवी घेऊन येणारी माणसं त्यांना तिथं भेटतील. तरीही मत बदललं नाही तर निधीच्या हिशेबाची वही त्यांच्याकडेच द्या. पै-पैचा जाब विचारणारा एक माणूस अशा कामात हवाच असतो.